बाकावरचा कर्णधार

आपल्या वयाच्या माणसांना जी वाक्ये वारंवार ऐकावी लागतात, त्यांत ‘आता तुम्ही आराम करा’ हे वाक्य बहुधा पहिल्या क्रमांकाचे असेल. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, याविषयी शंका नाही. तरीही ते कानी पडताना मनात काहीतरी खुपते. हातातले काम अलगद काढून घेतले जाते, ते कोण करणार हे आपल्याला न विचारता ठरते, आणि आपण मात्र हसून मान डोलवायची असते.

हेच वाक्य भारताच्या एका कर्णधाराला, तेही विजयानंतर लगेच, ऐकावे लागले होते. डिसेंबर १९९८मध्ये बँकॉकला झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटून निकाल पेनल्टी स्ट्रोकवर लागला आणि गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी संघ तारला. याआधीचे सुवर्णपदक १९६६चे, तेही बँकॉकचेच. बत्तीस वर्षांनी हा आनंद पुन्हा लाभला होता, आणि संघाचे कर्णधार होते आपल्या खडकीचे धनराज पिल्ले. त्यानंतर निवडल्या गेलेल्या संघात मात्र पिल्ले नव्हते. त्यांच्यासह सात ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले होते आणि अधिकृत कारण देण्यात आले, ‘विश्रांती’. ही विश्रांती नसून मानधनाविषयी तोंड उघडल्याची शिक्षा आहे, असे पिल्ले यांचे म्हणणे होते. त्या वादाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला त्या शब्दाने धरून ठेवले. विश्रांती हा किती गोड शब्द, आणि त्याच्या आड माणसाला किती सहज बाहेर बसवता येते!

माझे माहेर खडकीचे, म्हणून धनराज पिल्ले यांच्याविषयी थोडा पक्षपात माझ्याकडून होईल. तो आपण चालवून घ्यावा. १६ जुलै १९६८ रोजी जन्मलेला हा मुलगा खडकीच्या लष्करी कारखान्याच्या वसाहतीत वाढला. घर तमिळ, परिस्थिती बेताची, वडील मैदानाची देखभाल करणारे. पाच मुलांनी हॉकी खेळावी म्हणून आईने पोटाला चिमटा घेतला. मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन ही भावंडे चिखलाच्या मैदानावर खेळत. थोरले बंधू रमेश मुंबईत खेळत असत. त्यांच्या मागोमाग धनराज मुंबईला गेले आणि १९८९ साली भारतीय संघात आले. तेथून २००४पर्यंत चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार आशियाई क्रीडास्पर्धा, असा तो प्रवास झाला. भारतात हॉकीवर पोट भरणे अवघड, म्हणून इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, मलेशिया, बांगलादेश अशा ठिकाणच्या क्लबांकडूनही ते खेळले. केस उडवत पळणारा, रागावला की न लपवणारा आणि हरला की सर्वांदेखत रडणारा हा खेळाडू आमच्या खडकीत घरातल्या मुलासारखा वाटे. संदीप मिश्रा यांनी २००७मध्ये लिहिलेल्या त्यांच्या चरित्राचे नावच ‘फर्गिव्ह मी अम्मा’ असे आहे.

त्या ‘विश्रांती’नंतर काय झाले, ते आपल्यासाठी महत्त्वाचे. पिल्ले परत आले. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये ते खेळले, पण कर्णधार होते रमणदीप सिंग. २००२मध्ये कलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत संघाने रौप्य मिळवले तेव्हा ते पुन्हा कर्णधार होते, आणि २००३मध्ये क्वालालंपूरला पाकिस्तानला हरवून भारताने प्रथमच आशिया चषक जिंकला तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. आणि २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये छत्तीस वर्षांचे पिल्ले दिलीप तिर्की या तरुण कर्णधाराच्या हाताखाली खेळले. म्हणजे पद आले, गेले, परत आले, पुन्हा दुसऱ्याकडे गेले. मैदानाशी असलेले नाते मात्र चालू राहिले. हा भाग मला त्यांच्या सुवर्णपदकापेक्षाही मोठा वाटतो. आपल्याकडे एकतर किल्ल्या अखेरपर्यंत कमरेला असतात, नाहीतर एकदा सुटल्या की माणूसच घरातून पुसला जातो. मधली वाट फारशी कोणी चालून दाखवत नाही.

हे मी एवढ्या आस्थेने का लिहिते आहे, हे सांगायला हवे. आमचे घर पुणतांब्याचे. गोदावरीच्या काठचे हे गाव चांगदेव महाराजांच्या समाधीमुळे आपल्याला ठाऊक असेल. मनमाड-दौंड मार्गावरून शिर्डीकडे रेल्वेचा फाटा फुटतो तोही येथूनच. माझ्या सासूबाई आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी मोरीच्या उंबरठ्याशी पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात जाताना त्यांनी कमरेच्या किल्ल्या काढून माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या हातावर ठेवल्या. शस्त्रक्रिया चांगली झाली. त्या घरी आल्या, माजघरातल्या कॉटवर टेकल्या, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने त्यांना एकच सांगितले, “आजी, खूप केलंत. आता नुसता आराम करा.”

आणि त्यांनी तो केला! आठ-दहा दिवसांत त्यांचे बोलणे कमी झाले. भूक गेली. भाजी कोणती करायची हे कोणी विचारले तर “तुमचं तुम्ही बघा” म्हणू लागल्या. शस्त्रक्रियेची जखम भरत होती, पण बाई आटत चालल्या होत्या. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मुलीने आम्हाला जे सांगितले ते आपणही ध्यानात ठेवावे. म्हातारपणी अंथरुणात पडून राहिले की पायांचे स्नायू झपाट्याने झडतात आणि तरुणांसारखे ते लवकर भरून येत नाहीत. शिवाय फुप्फुसांत कफ साचण्याची, पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याची आणि पाठीला जखमा होण्याची भीती असते. म्हणून खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बहुतेकांना शक्य तितक्या लवकर, पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी, आधाराने उभे करतात. घोटा वरखाली करणे, खुर्चीत बसून गुडघा सरळ करून पाच अंक मोजणे, वॉकर धरून उभे राहणे, असे साधे व्यायाम असतात. (कोणते करायचे आणि कोणत्या हालचाली टाळायच्या, हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर ठरते, शेजारणीला सांगितलेले व्यायाम आपण करू नयेत.)

पण ज्या बाईला उठून कोठे जायचेच नाही, ती उभी तरी कशासाठी राहणार? ती मुलगी रोज विनवी, आणि सासूबाई रोज डोळे मिटून घेत.

त्यांना उठवले ते कुरडयांनी. उन्हाळा तोंडावर आला होता. धाकट्या जाऊबाईंनी गहू भिजत घातला. तीन दिवस रोज पाणी बदलायचे, मग वाटून चीक काढायचा, तो हाटायचा. या कामात आमच्या घरी सासूबाईंचा शब्द अखेरचा. तिसऱ्या दिवशी माजघरात आंबूस वास पोहोचला आणि कॉटवरून आवाज आला, “पाणी कोणी बदललं काल? उशीर केलात. वास सांगतोय.” जाऊबाई शहाण्या. त्यांनी उत्तर दिले नाही, स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची मांडली आणि म्हणाल्या, “आई, चीक हाटताना गुठळी झाली तर सगळं वाया जाईल. तुम्ही इथे बसून सांगा.” माजघरापासून ती खुर्ची नऊ पावलांवर होती. दोन्ही बाजूंनी आम्ही दोघी आणि पुढे वॉकर, अशी ती नऊ पावले सासूबाई चालल्या. कुरडया घालणारे हात आमचे होते, डोळे त्यांचे. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

किल्ल्या त्यांनी परत मागितल्या नाहीत, आणि ते योग्यच झाले असे मला वाटते. त्या जाऊबाईंकडेच आहेत. पण मेथी निवडणे, शेंगा फोडणे, वाती वळणे, लोणच्याचे मीठ चाखून सांगणे, कोणाच्या लग्नाला किती आहेर हे ठरवणे, ही कामे त्यांच्या खुर्चीपाशी आपण होऊन परत आली. नऊ पावलांची पुढे चाळीस झाली. अंगणातल्या तुळशीपर्यंत त्या जाऊ लागल्या.

आतापर्यंत मी ज्येष्ठांविषयी लिहिले. यापुढचे, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी वाचावे.

सासूबाईंच्या आजारपणाचे पहिले चार महिने आमच्या घरात खेळणारे गडी दोनच होते. दिवस माझा, रात्र जाऊबाईंची. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, दोनदा भांडे द्यायचे, पहाटे अंग पुसायचे आणि सहा वाजता चहाचे आधण ठेवायचे. जाऊबाईंनी कधी तक्रार केली नाही. चौथ्या महिन्यात एका पहाटे त्या ओट्यापाशी खाली बसल्या त्या उठेनात. रक्तदाब १७० वर १०० होता. वय वर्षे पन्नास, आणि त्याआधी कसलाच आजार नाही.

आमच्या गावाचे नाव २०१७च्या जून महिन्यात देशभर गेले ते शेतकऱ्यांच्या संपामुळे. संपाच्या त्या दिवसांत दूध बाजारात जात नव्हते, पण गाई-म्हशींच्या धारा मात्र काढाव्याच लागत. जनावर थांबत नाही. आजाऱ्याच्या सेवेचेही तसेच असते. ती करणाऱ्याला संपावर जाता येत नाही. मग विसावा मिळणार कसा?

याचे उत्तर मला पुन्हा हॉकीतच सापडले, पण ते समजायला बर्फावरची हॉकी पाहावी लागली. माझी लेक अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. सासूबाई पडण्याच्या काही वर्षे आधी मी तिच्याकडे गेले असता, २०१८च्या हिवाळ्यात, तिने मला तेथील ब्रुइन्स संघाचा सामना दाखवायला नेले. पायांत पाती लावलेले बूट, हातात वाकडी काठी आणि चेंडूऐवजी रबराची चकती. त्या संघाचा कर्णधार होता झ्देनो चारा, स्लोव्हाकियाचा, सहा फूट नऊ इंच उंच. सदऱ्यावर छातीशी कर्णधाराची खूण म्हणून एक इंग्रजी अक्षर शिवलेले. मी त्यालाच पाहत बसले, आणि एक मिनिट होते न होते तोच तो कठडा ओलांडून बाहेर आला व बाकावर जाऊन बसला! मला वाटले, दुखापत झाली. लेक हसून म्हणाली, “आई, इथे असंच असतं.” पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळायचे, बाकावर यायचे, पाणी प्यायचे, श्वास सावरायचा आणि पुन्हा उतरायचे. सामना न थांबता हे अखंड चालते. साठ मिनिटांच्या सामन्यात चारासारखा भरवशाचा खेळाडूही निम्म्याहून कमी वेळ बर्फावर असतो. उरलेला वेळ बाकावर. आणि तरी कर्णधार तोच! २००६पासून २०२०पर्यंत, चौदा हंगाम, तो त्या संघाचा कर्णधार होता. २०११मध्ये त्याने त्यांना स्टॅन्ले चषक मिळवून दिला आणि पंचेचाळीसाव्या वर्षी निवृत्त झाला. २०१९च्या अंतिम फेरीत चकती लागून त्याचा जबडा मोडला असता तो पुढच्याच सामन्यात उतरला, याचे तेथे फार कौतुक होते. माझ्याच्याने ते होत नाही. आपल्या घराघरांतून बाया मोडक्या जबड्याने खेळतच असतात. त्यांना आणखी प्रोत्साहन नको.

आपल्या गवतावरच्या, आताच्या कृत्रिम मैदानावरच्या हॉकीतही हीच सोय आहे. खेळाडू कितीही वेळा बाहेर जाऊ शकतो आणि परत येऊ शकतो; धनराज पिल्ले खेळत होते त्या काळातच ही पद्धत रूढ झाली. दोन्ही खेळांतली खरी खुबी मला पुढे जाऊबाईंच्या दुखण्याने शिकवली. खेळाडूला तो कोसळल्यावर बाहेर बोलावत नाहीत. तो अजून पळू शकतो आहे तेव्हाच बोलावतात, म्हणून तर तो पुन्हा पळू शकतो. आपल्या घरात मात्र बदली गडी शोधायला आपण निघतो ते पहिला गडी आडवा झाल्यावर.

तेव्हा आम्ही घरातली सगळी माणसे एकदा सासूबाईंच्या कॉटभोवती बसलो, आणि बाक भरायला घेतला. आमच्या वन्सं कोपरगावला असतात. शनिवारी दुपारी त्या गाडीने येतात आणि रविवारी संध्याकाळी जातात. त्या दोन दिवसांत जाऊबाई दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपतात. दार लावून, हे महत्त्वाचे. हाक ऐकू आली तर झोप लागत नाही. भाऊजींकडे रोज दुपारचे चार ते सहा आले. सुरुवातीला त्यांना आईची वेणीही घालता येईना, पण मुलगा वेणी घालतो याचे सासूबाईंना एवढे अप्रूप वाटले की वाकडी वेणी मिरवत त्या संध्याकाळभर बसत. माझे यजमान शेतातून आल्यावर रात्री दहापर्यंत. पुण्याच्या पुतण्याने औषधे मागवणे, तपासण्यांच्या तारखा आणि पैशांचा हिशेब स्वतःकडे घेतला. दूर राहणाऱ्यांना करता येण्याजोगे पुष्कळ असते, त्यांना नेमके काम सांगितले मात्र पाहिजे. “काही लागलं तर कळवा” याला मी मदत म्हणत नाही. ज्यांच्या घरी माणसेच कमी, त्यांनी आठवड्यातून काही तासांसाठी तरी पगारी मदतनीस ठेवावी आणि त्यात कमीपणा मानू नये. औषधावर होणाऱ्या खर्चाइतकाच तो खर्च आवश्यक आहे.

एका बाबतीत मात्र घरातला नियम मैदानाच्या उलट ठेवावा लागतो. हॉकीत आधीचा खेळाडू बाहेर पडल्याशिवाय नवा आत येत नाही. शुश्रूषेत दोघांनी दहा-पंधरा मिनिटे एकत्र थांबले पाहिजे. कोणती गोळी दिली, कोणती राहिली, पाणी किती पोटात गेले, लघवी-शौच कसे झाले, कोठे दुखते म्हणाल्या, टाच किंवा पाठ लाल दिसते का, हे तोंडाने सांगून झाल्यावर वहीतही लिहायचे. आमच्याकडे साधी शंभर पानी वही आहे, दोरीने कॉटच्या कठड्याला बांधलेली. एकच गोळी दोनदा दिली जाण्याचा धोका या वहीने टळतो, आणि डॉक्टरांकडे गेले की ‘बरं आहे’ याखेरीज सांगण्याजोगे काहीतरी हाताशी असते.

जाऊबाईंचा रक्तदाब आता औषधाने आणि झोपेने आटोक्यात आहे. यंदा संक्रांतीला त्या सहा वर्षांनी माहेरी चार दिवस राहून आल्या.

ती वही संध्याकाळी सासूबाईंना वाचून दाखवावी लागते. चष्मा लावून त्या ऐकतात आणि दुरुस्त्या सांगतात. “दूध पेलाभर नाही, अर्धाच प्याले. खोटं लिहू नका.” वाचून झाले की भोवतीच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहतात. परवा माझ्यापाशी थांबल्या. “थोरले, तुझे डोळे ओढलेत. आज तू नको. भाऊला बोलाव आणि तू जाऊन झोप.”

मी जाऊन झोपले.